हिरव्या दोऱ्याचा पट्टा

१

डहाणूत दक्षाचं दुकान विचाराल तर लोक तुम्हाला चपलेचा अंगठा शिवायला आलेलं गिऱ्हाईक समजतील. त्यांची चूक नाही. मसोलीच्या रस्त्यावरच्या त्या पाटीवर अजून 'चिमणभाई मोची – चप्पल, बॅग, चेन रिपेअर' एवढंच लिहिलेलं आहे. चिमणभाई जाऊन अकरा वर्षं झाली, पण लेकीनं पाटी बदलली नाही. दक्षाला काहीही बदलायचं म्हटलं की जिवावर येतं, हा तिचा जुना स्वभाव.

खरं काम चालतं ते मागच्या खोलीत. तिथे जुन्या पिस्तुलांची आणि रिव्हॉल्व्हरांची होल्स्टर येतात, काही फौजेतली, काही पोलिसांची. कुठून कुठून शौकीन माणसं कुरियरनं पाठवतात आणि दोनच गोष्टी विचारतात: हे कुठलं, आणि हे जगेल का? दक्षा आधी त्याला हात लावत नाही. वास घेते. मग उलटं करून इंचाला किती टाके पडलेत ते मोजते, पितळी बटणाची झीज बघते, आतल्या बाजूचा पुसट शिक्का तिरप्या उजेडात धरते. घोडा टेकून चामड्यावर कुठे घट्टा पडलाय त्यावरून आत कुठलं हत्यार होतं ते सांगते. चुकत नाही.

तिचे बापूजी चिमणभाई होल्स्टरला 'खोळ' म्हणायचे. पोलीस लायनीतले पट्टे आणि खोळी दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांचा एकच नियम होता, आणि तो त्यांनी दक्षाला मारून मुटकून शिकवला होता. "बाहेरून घास, तेल पाज, चमकव. पण अंगाकडची बाजू धुवायची नाय, दीकरी. तिथे माणूस असतो."

दक्षाचा माणूस अशाच एका पट्ट्यामुळे तिला भेटला होता. सुनिल हा आगर गावचा, दर्यावर पोट असलेल्या घरातला, आणि पोलिसात हवालदार. वर डावखुरा. सरकारी होल्स्टर उजव्या हाताचं, म्हणून तो ते उलटं करून घ्यायला दुकानात आला आणि पुढे येतच राहिला. सात वर्षांपूर्वी भादव्यात तलासरीच्या डोंगराकडच्या एका पाड्यावर तो चौकशीला म्हणून गेला. रस्ता संपेपर्यंत गाडीनं, पुढे एकटाच पायी. तो परत आला नाही. कमरेचं रिव्हॉल्व्हरही गेलं. खात्याच्या कागदावर 'बेपत्ता' आणि लोकांच्या तोंडी 'पळाला'. कुणी त्याला सिल्वासात बघितलं होतं, कुणी वापीत, दुसऱ्या बाईबरोबर.

दक्षा कुणाशी वाद घालत नसे. त्या दिवशी उंबऱ्यात पट्टा आवळताना बकल वाजलं होतं आणि तो 'येतो' म्हणाला होता. निघताना सगळेच येतो म्हणतात, जातो कुणी म्हणत नाही, हे तिलाही कळत होतं. तरी सात वर्षं ती त्या एका शब्दावर बसून होती. हातातल्या हिरव्या बांगड्या तिनं उतरवल्या नव्हत्या.

२

नवशी बाजाराच्या दिवशी यायची. तलासरीच्या वरच्या अंगाला तिचा पाडा, एवढासा भाताचा तुकडा, आणि चपला मात्र नेहमी दक्षाकडूनच शिवून घ्यायची. त्या दिवशी चपला धड होत्या. तिनं टोपलीतून कापडात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि दक्षाच्या हातात न देता पाटावर ठेवलं.

"भात राखायचा माळा हाय ना आमचा, त्याच्यावर मिळालं," ती म्हणाली. "घरवाला बोलला, फेकून दे. मी बोलली, चामड्याचं हाय तं चामड्यावाल्या बायला देते."

"माळ्यावर कोणी ठेवलं?"

"काय ठावं. सकाळी चढली तं होतं. बकल लावलेलं होतं, बाय. गोल. आत कोण नाय आणि बकल लावलेलं."

एवढं बोलून ती बाजारात गेली. चहा सुद्धा घेतला नाही.

दक्षानं कापड सोडलं. सवयीनं आधी वास घेतला, आणि तिथेच तिचं निम्मं काम झालं. तरी तिनं सगळं रीतसर केलं, कारण अशा वेळी तिला रीत धरून राहावंसं वाटे. कमरेचा पट्टा आणि त्याला ओवलेलं होल्स्टर, तपकिरी जाड चामडं, पोलिसांचं, साठ-सत्तर वर्षं जुनं. अडतीसच्या रिव्हॉल्व्हरचं. आत काही नाही. इंचाला सात टाके. पट्टा ओवायची पट्टी उखडून उलट्या बाजूला शिवलेली, डाव्या हातासाठी. आणि त्या पट्टीवरचे टाके हिरव्या दोऱ्याचे.

काळा दोरा संपला होता म्हणून तिनंच घातले होते ते. "साहेबानं बघितलं तर सांगेन, बायकोच्या बांगड्यांचा रंग लागला," असं सुनिल म्हणाला होता, लग्नाच्या आधी, दोघांची धड ओळखही नसताना. ती तेव्हा केवढी लाजली होती.

दक्षा पट्टा मांडीवर घेऊन बसून राहिली. रडू आलं नाही. पळाला नाही, असं तिच्या मनात आलं. पट्टा टाकून कोण पळतो? मग लगेच दुसरं मन म्हणालं, पळणाराच पट्टा टाकतो. ठाण्यात कळवायला हवं होतं. उद्या कळवू, असं तिनं ठरवलं.

मग तिचं लक्ष भोकांकडे गेलं. कारखान्याची पाच भोकं, गोल, कडा साफ. सुनिलचं तिसरं, तिथे बकलाचा वळ पडलेला. पण पाचव्याच्या पुढे आणखी चार भोकं होती. खिळ्यानं पाडलेली, वेडीवाकडी, चार-चार बोटांच्या अंतरावर. आणि प्रत्येकाशी बकलाचा वळ होता. म्हणजे पट्टा त्या प्रत्येक भोकावर बरेच दिवस वापरला गेला होता.

तिनं टेप लावली. शेवटच्या भोकावर वेढा भरला वीस इंच.

वीस इंचांची कंबर कुणा मोठ्या माणसाची नसते. कुणीतरी पोत्याला आवळला असेल, झाडाला बांधला असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. तिनं आपल्या रिवाजाप्रमाणे चारी बाजूंनी फोटो काढले, वहीत 'भोकं नऊ' असं लिहिलं, आणि पट्टा खुंटीला अडकवून ती घरी भात शिजवायला गेली.

३

सकाळी दुकान उघडून तिनं पट्टा खाली घेतला. अंगाकडची बाजू ओली होती.

भादव्यात चामडं दमटच असतं, त्यात नवल नाही. बुरशी धरू नये म्हणून ती एरवीही खोलीत कोळशाची शेगडी ठेवायची. पण दमट चामडं गार लागतं. हे कोमट होतं. तिनं बोट लावलं आणि ते नकळत जिभेवर ठेवलं. खारट लागलं.

मग तिनं भोकं मोजली. दहा.

तिनं पुन्हा मोजली, आणि मग वही काढली, आणि मग मोबाइलमधले फोटो. फोटोत नऊ होती. पुढे कोरं चामडं स्पष्ट दिसत होतं. आता तिथे खिळ्याचं भोक होतं, कडेचं चामडं ताजं, आतून पिवळसर. खाली फरशीवर चिमूटभर भुसाही पडला होता. तिनं टेप लावली. सतरा इंच.

आपणच पाडलं असेल का? झोपेत चालणाऱ्या बायका असतात. पण दुकानाला कुलूप होतं आणि तिची झोप तर अशी की मांजर पाटावरून गेलं तरी जाग यावी. शिवाय तिच्याकडे भोकं पाडायला चांगला पंच होता. खिळा कशाला घेईल ती?

कोणाकडे काही नसलं, डोंगरात कुठे पडलेला असला, म्हणजे माणूस खिळा घेतो. पॅन्ट घसरायला लागली की दगडानं खिळा ठोकतो आणि पट्टा आवळतो. काही दिवसांनी पुन्हा आवळतो. असा विचार मनात आला तेव्हा तिची भीती कुठल्या कुठे गेली, आणि नुसती माया दाटून आली.

"किती बारीक झालास रे," ती पट्ट्याला म्हणाली.

 शेजारच्या दुकानात पिठाची गिरणी चालू होती, तिचा आवाज मधेच थांबला आणि पुन्हा सुरू झाला. पट्टा खुंटीला लटकत होता, पण सरळ नव्हता. लटकलेला पट्टा चपटा असतो. हा मधे जरा फुगून गोलाकार राहिला होता.

४

दुपारी आगरहून सासूचा फोन आला. रखमीआय दर पितृपक्षात फोन करायची आणि दर पितृपक्षात दोघींचं त्याच जागेवर अडायचं.

"दक्षा, ह्या वर्षी तरी वाडी ठेव गो त्याच्या नावाची. सात वर्सं झाली."

"आय, वाडी मेलेल्याला ठेवतात."

"मग? मी आय हाय त्याची, मला बोलायला बरं वाटतं काय?" म्हातारीचा आवाज चिरकला. "रोज सपनात येतो. 'आय, भूक लागली' बोलतो. पाठ एवढीशी झालीय त्याची, हाडं मोजावी. तुला नाय दिसत?"

दक्षानं खुंटीकडे बघितलं.

"हे बघ. सर्वपित्रीला दुपारी पान वाढ. भात, वडे, त्याच्या आवडीचा बोंबील. घराच्या बाहेर ठेव, पत्र्यावर. कावळा शिवला की त्याला सांग, घे आणि जा. आणि मागं न बघता आत ये. एवढंच तर करायचं हाय. बांगड्यांचं मी काय बोलली नाय तुला कधी, आणि बोलणार पण नाय."

ते खरं होतं. रखमीआयनं कधी तिच्या बांगड्यांकडे बोट दाखवलं नव्हतं.

"बघते," दक्षा म्हणाली.

फोन ठेवल्यावर सगळ्या बोलण्यातला एकच शब्द तिच्या डोक्यात राहिला. भूक.

५

दुसऱ्या दिवशी तिनं सकाळीच बोंबील आणले. तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, आंबट-तिखट कालवण केलं आणि डबा भरून दुकानात नेला. पण वाडी नाही ठेवली. पान नाही, पत्रा नाही, कावळा नाही. मागच्या खोलीत तिनं फरशी पुसून घेतली, पाट मांडला, आणि घरातलं सुनिलचं स्टीलचं ताट वाढलं. पाण्याचा तांब्या डाव्या हाताला ठेवला. पट्टा वेटोळं करून पाटावर ठेवला, आणि समोर आपलं ताट घेऊन ती बसली.

वाडी मेलेल्याची. ताट जिवंत माणसाचं. तिच्या हिशेबानं तिनं काही अशुभ केलं नव्हतं.

"बस," ती म्हणाली. "जेव."

ती जेवली. समोरचं ताट तसंच राहिलं, आणि तिला स्वतःचं हसू आलं. शहाणीसुरती बाई, मोबाइलवर शौकिनांना इंचाचे टाके समजावून सांगणारी, आणि चामड्याला जेवायला वाढतेय. उरलेलं अन्न टाकवेना म्हणून तिनं समोरच्या ताटातला घास तोंडात घातला. त्याला चव नव्हती. मीठ नाही, तिखट नाही, आंबट नाही. एकाच भांड्यातलं कालवण, तिच्या ताटातलं जिभेला झोंबत होतं आणि त्याच्या ताटातलं भिजल्या कागदासारखं.

सकाळी तिनं पट्टा बघितला. भोकं नऊ होती.

चामड्याचं भोक बुजत नाही. हे मोच्याच्या घरात रांगणाऱ्या मुलालाही ठाऊक असतं. तिनं भिंग लावलं. जिथे दहावं भोक होतं तिथे चामडं सलग होतं. नखानं दाबलं तर जखमेवरच्या नव्या कातडीसारखं नरम लागत होतं.

दक्षानं पट्टा छातीशी धरला आणि सात वर्षांत पहिल्यांदा ढसढसा रडली. आनंदानंच रडली, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

मग ते रोजचंच झालं. सकाळी कोलीम, म्हणजे बारीक जवळा, नाहीतर ओले बोंबील, दुपारी दोन ताटं, आणि दुसऱ्या सकाळी मोजणी. आठ. सात. ती त्याला गोष्टी सांगायची. पारशाच्या वाडीतले चिकू या वर्षी कसे गळले, बोर्डीच्या एस.टी.त कोण भेटलं. कोणी ऐकत असल्यासारखी ती मधेच थांबायची. कुरियरची खोकी न फोडता कोपऱ्यात साठत गेली. ठाण्यात कळवायचं तर ती विसरूनच गेली होती. सहा.

होल्स्टरही भरून येत होतं. सागाच्या लाकडाचं रिव्हॉल्व्हर, बापूजींनी साच्यासाठी कोरलेलं, तिनं त्यात घालून बघितलं. गेलं नाही. आत जागाच नव्हती, आणि बघावं तर आत काही नव्हतं.

६

पुढच्या बाजाराच्या दिवशी नवशी आली आणि दारातच थांबली.

"बाय, आजारी हाय काय तू?"

"नाही गं. छान आहे."

"छान कुठली? गळ्याची हाडं वर आली. बांगड्या बघ, कोपरापर्यंत जातात."

दक्षानं हात खाली केला तशा बांगड्या खळकन मनगटावर आल्या. त्या थोड्या सैल झाल्या होत्या खऱ्या. परकराची नाडीही ती हल्ली जास्त आवळत होती. उपासतापासाचे दिवस, त्यात काय एवढं? पण उपास तर तिनं एकही केला नव्हता, उलट दोन ताटांतलं जेवत होती.

नवशीची नजर तिच्या खांद्यावरून मागच्या खोलीत गेली. बारा वाजत आले होते, पाट मांडलेला होता. ताट वाढलेलं होतं. 

"आत वाढलंस?" तिनं हळूच विचारलं. "पाट दिलास बसायला?"

"आपल्याच माणसाला बाहेर वाढायचं?"

"बाहेर वाढला का तो खातो न जातो, बाय. आत वाढला तं..." तिनं पदर तोंडाला लावला. "आत वाढलेल्याला कोणी ऊठ बोलतं काय?"

दक्षा चिडली. बाजारात जा, उशीर होतोय तुला, असं म्हणाली. नवशी गेली. जाताना तिनं चपला हातात घेतल्या होत्या आणि रस्त्याला लागेपर्यंत पायात घातल्या नाहीत.

उद्या सर्वपित्री होती. दक्षा आत आली, तिनं स्वतःच्या कमरेला टेप लावली. ते करताना ती मुद्दाम दुसरीकडे बघत होती. मग बघितलं. बावीस इंच.

 बापूजींचा आवाज कानात आला, अंगाकडची बाजू धुवायची नाय, तिथे माणूस असतो. कुठला माणूस, हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. सुनिलनं हे केलं असतं का तिला? तो ताटातला बोंबलाचा मधला तुकडा उचलून तिच्या ताटात टाकणारा माणूस होता. पण सात वर्षांची भूक माणसाचं काय करते, ते तिला कसं कळणार?

उद्या वाडी ठेवायची, असं तिनं ठरवलं. बाहेर.

७

सर्वपित्रीला दुपारी दक्षानं दुकानामागच्या अंगणात केळीचं पान वाढलं. भात, वडे, बोंबील. स्टुलावर चढताना तिला धाप लागली. पान पत्र्यावर ठेवलं, भोवती पाणी फिरवलं आणि ती खाली उतरून उभी राहिली. खोलीत आज पाट मांडला नव्हता. पट्टा खुंटीला होता.

कावळा लगेच आला. एकच आला, पत्र्याच्या टोकाला बसला आणि मान वाकडी करून वाट बघत राहिला. आता फक्त बोलायचं होतं. घे आणि जा.

"सुनिल," ती म्हणाली. "घे..."

आत बकल वाजलं.

तिला तो आवाज पुरता ओळखीचा होता. आधी पट्टा ओढल्याची करकर, मग काटा भोकात जाताना पितळेचा छोटा ठोका, मग उरलेलं टोक पट्टीत सारल्याची घसट. तिसरं भोक. लग्नानंतर दर सकाळी ती चुलीपाशी बसून हा आवाज ऐकायची, आणि त्याच्यामागून यायचा एक शब्द.  आतून शब्द आला नाही. तो तिच्या शब्दाची वाट बघत होता.

तिनं मागे वळून बघितलं. बघायचं नसतं, हे ठाऊक असून.

दाराच्या चौकटीत आतला अंधार होता आणि त्या अंधारात कमरेएवढ्या उंचीवर पट्टा होता. गोल, आवळलेला. डाव्या बाजूला होल्स्टर, हिरवे टाके उजेडात आलेले. खुंटी त्याच्यापासून दोन हात लांब होती. पट्टा जरासा मोठा होत होता, जरासा लहान. दमून घरी आलेला माणूस उंबऱ्यात उभा राहून श्वास घेतो, तसा.

जा म्हटलं की संपलं असतं. आयला झोप लागली असती. आणि तो पुन्हा डोंगरात गेला असता, एकटा, उपाशी, खिळा आणि दगड घेऊन. सात वर्षं ज्या शब्दावर तिनं काढली तो त्याचा शब्द होता, आणि त्यानं तो पाळला होता. आला होता तो. आता दारात आलेल्या माणसाला जा कसं म्हणायचं?

"ये," दक्षा म्हणाली.

ती पुन्हा स्टुलावर चढली आणि कावळ्याच्या पुढ्यातून तिनं पान उचललं. कावळा ओरडला नाही, नुसता उडून गेला. पान दोन्ही हातांवर धरून ती आत आली. उंबऱ्यात तिनं जरा अंग चोरलं, कुणाला वाट द्यावी तसं. तिनं पाट मांडला, पानातलं सगळं स्टीलच्या ताटात काढलं आणि समोर आपलं ताट घेऊन ती बसली. मोबाइल वाजत होता, आगरचा नंबर होता. तिनं तो उचलला नाही.

घास घ्यायला तिनं हात पुढे केला तशा हिरव्या बांगड्या मनगटावरून, मुठीवरून, बोटांवरून सरळ घसरल्या आणि एकामागून एक ताटात पडल्या. एकही फुटली नाही. तिनं त्या बाजूला सारल्या आणि समोरच्या ताटाकडे बघितलं. तिथला बोंबलाचा मधला तुकडा नाहीसा झाला होता.

"सावकाश," ती म्हणाली. "घाई नाही. सावकाश जेव."